अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक चालू केलं की ओव्हरड्राइव्हला कुलूप: 165 हर्ट्झच्या मॉनिटरबाबत लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 27 इंची, 1440पी, 165 हर्ट्झ (सेकंदाला 165 वेळा चित्र बदलणारा), व्हीए पॅनलचा (एलसीडीचा एक प्रकार) वक्र गेमिंग मॉनिटर. फर्मवेअर (मॉनिटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटनंतर ओव्हरड्राइव्हची सेटिंग बंद झाल्याबाबत.

महोदय,

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनवर 41 मिनिटं बोलून फोन ठेवला आणि लगेच हे पत्र लिहायला घेतलं. या तक्रारीवरचा हा चौथा कॉल. चारही वेळा मला मॉनिटरचा प्लग काढून दोन मिनिटांनी परत लावायला सांगितलं गेलं. आता फोनवर बोलणार नाही. जे आहे ते लेखी देतो, उत्तरही लेखीच हवं.

अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा रिफ्रेश रेट बदलणारी सोय) चालू केलं की मेनूतला ओव्हरड्राइव्हचा (पिक्सेलचा रंग लवकर बदलावा म्हणून जोर लावणारी सेटिंग) पर्याय फिका पडतो, त्यावर मेनूची जॉयस्टिक थांबतच नाही, आणि समोर 'एक्स्ट्रीम' हा शब्द तसाच राहतो. विकत घेतला तेव्हा असं नव्हतं. नॉर्मल, फास्ट आणि एक्स्ट्रीम या तिन्ही पातळ्या अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक चालू असतानाही निवडता येत होत्या. 'फास्ट'वर ठेवून हा मॉनिटर सात महिने बिनतक्रार चालला. मग तुमच्या साइटवरचं फर्मवेअर तुमच्याच सूचनापत्रकाप्रमाणे पेनड्राइव्हवरून टाकलं, आणि त्या दिवसापासून हे कुलूप लागलं आहे.

पडद्यावर काय दिसतं ते नीट सांगतो, कारण तुमच्या नोंदीत फक्त 'ब्लर' एवढंच लिहिलेलं आहे. मधल्या राखाडी पार्श्वभूमीवरून काळा खांब डावीकडून उजवीकडे सरकला की त्याच्या मागच्या कडेला पांढुरकी, किंचित जांभळट पट्टी उमटते. ती खांबाला चिकटून चालते आणि खांब थांबला की नाहीशी होते. हे साधं घोस्टिंग असतं तर खांबामागे त्याचीच काळपट शेपूट दिसली असती, कारण तिथे पिक्सेल नव्या रंगापर्यंत वेळेत पोचलेला नसतो. इथे पिक्सेल नव्या रंगाच्या पलीकडे जाऊन मागे येतो आहे. याला ओव्हरशूट म्हणतात, उलटं घोस्टिंगही म्हणतात, आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. शेपूट दिसत असेल तर ओव्हरड्राइव्ह वाढवायचं, उजळ कड दिसत असेल तर कमी करायचं. मला कमी करायचं आहे आणि तुम्ही ते बटणच काढून घेतलं आहे.

व्हीए पॅनलचा स्वभाव मला माहीत आहे. काळ्यातून गडद राखाडीत जायला तो वेळ घेतो, अंधाऱ्या दृश्यात थोडं काळं ओघळल्यासारखं दिसतं. 3000:1 च्या आसपासचा कॉन्ट्रास्ट (काळ्या-पांढऱ्यातला फरक) हवा होता म्हणून ते मी जाणूनबुजून पत्करलं. त्याबद्दल या पत्रात एका अक्षराची तक्रार नाही. 'व्हीएमध्ये असं होतंच' हे उत्तर परत पाठवू नये.

कारणही तुमच्या फर्मवेअर विभागाला माहीत असायला हवं. 165 हर्ट्झला एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, 6.06 मिलिसेकंद पडद्यावर राहते. तेवढ्या वेळात पिक्सेलला ढकलत न्यायचं म्हणून एक्स्ट्रीम पातळी गरजेपेक्षा जास्त जोर लावते. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकमध्ये मात्र रिफ्रेश रेट गेमच्या फ्रेम रेटमागे धावतो. जड गेम सेकंदाला 70 फ्रेमवर आला की एक फ्रेम 14.3 मिलिसेकंद राहते. जोर तेवढाच आणि वेळ दुपटीहून जास्त, त्यामुळे पिक्सेल पुढे निसटतो आणि पुढच्या रिफ्रेशपर्यंत तिथेच दिसत राहतो. यावर रिफ्रेश रेटप्रमाणे जोर आपोआप कमी-जास्त करणारं ओव्हरड्राइव्ह हा उपाय आहे. तो तुमच्या या मॉडेलमध्ये नाही, तसा दावाही तुम्ही केलेला नाही. मग निदान हाताने बदलायची सोय तरी हवी. ती होती. तुम्ही काढलीत.

आता तपासणी. तुमचा प्रत्येक प्रतिनिधी पहिल्या पायरीपासून सुरू करतो, म्हणून जे झालं आहे ते सगळं इथे देतो. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे 165 हर्ट्झ निवडलेलं आहे. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये रिझोल्यूशन 'पीसी' या गटातलं निवडलं आहे, वरच्या टीव्हीच्या गटातलं नाही, कारण तिथे बऱ्याचदा 60 हर्ट्झच्या वर पर्याय मिळत नाहीत. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतला आकडाही 165 दाखवतो, आणि अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक चालू असताना तो आकडा फ्रेम रेटबरोबर हलतो, म्हणजे सिंक चालतं आहे. फ्रेम रेटला 162 ची मर्यादा लावली आहे, म्हणजे सिंक ज्या रेंजमध्ये चालतं तिच्या बाहेर तो जात नाही. डिस्प्लेपोर्टच्या दोन केबल बदलून पाहिल्या, त्यातली एक तुमच्या खोक्यातली. एचडीएमआय 2.0 वरून 144 हर्ट्झवरही पाहिलं. एचडीआर, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, नॉइज रिडक्शन आणि गेममधलं मोशन ब्लर, सगळं बंद. फॅक्टरी रीसेट दोनदा. थंड पॅनलमध्ये लिक्विड क्रिस्टल सुस्त असतं, म्हणून प्रत्येक चाचणीआधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवला. दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून पाहिलं, तीच उजळ कड.

शेवटी सगळ्यात महत्त्वाची चाचणी. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक बंद केलं की तुमचा मेनू परत उघडतो. तेव्हा टेस्टयूएफओ या वेबसाइटच्या घोस्टिंग चाचणीत, 960 पिक्सेल प्रति सेकंद वेगाने, 165 हर्ट्झला 'फास्ट'वर चित्र स्वच्छ आहे. तिथेच 60 हर्ट्झ करून 'एक्स्ट्रीम' लावलं की तीच पांढुरकी पट्टी येते, आणि 'नॉर्मल' केलं की जाते. म्हणजे पॅनल धडधाकट आहे, केबल धडधाकट आहे, ग्राफिक्स कार्ड धडधाकट आहे. दोष फर्मवेअरच्या एका निर्णयात आहे आणि तो निर्णय तुमचा आहे.

आजचा कॉल आता लिहून ठेवतो, कारण तुमच्याकडे त्याचं रेकॉर्डिंग असेल आणि ते कुणीतरी वरिष्ठाने ऐकावं अशी माझी मागणी आहे. वरचं सगळं सांगून झाल्यावर प्रतिनिधी म्हणाले, "सर, स्क्रीनशॉट पाठवा." मी म्हटलं, स्क्रीनशॉट ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीतून निघतो आणि हा दोष पॅनलवर उमटतो, त्यामुळे स्क्रीनशॉटमध्ये तो कधीच येणार नाही. फोनने सेकंदाला 240 फ्रेमने काढलेला स्लो मोशन व्हिडिओ मागच्या मेलला जोडला आहे, तो उघडा. "व्हिडिओ आमच्या सिस्टमला उघडत नाही सर, प्रोसेसमध्ये स्क्रीनशॉटच आहे." मी स्क्रीनशॉट पाठवला. पाच मिनिटं होल्डवर ठेवून ते परत आले. "सर, स्क्रीनशॉट एकदम क्लिअर आहे. प्रॉब्लेम दिसत नाहीये." मी तेच परत समजावलं. त्यावर ते म्हणाले, "मग सर, एक काम करा. रिफ्रेश रेट 60 वर ठेवा. माणसाच्या डोळ्याला 60 च्या वर दिसतच नाही." मी म्हटलं, खोक्यावर बोटाएवढ्या अक्षरांत 165 छापलं आहे आणि मी त्याचे पैसे दिले आहेत. शिवाय 60 हर्ट्झला एक फ्रेम 16.67 मिलिसेकंद राहते, म्हणजे एक्स्ट्रीमवर हा दोष आणखी वाढतो. त्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग: "सर, तुम्ही एकदा डोळ्यांचा नंबर तपासून घ्या."

फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे: 'यूजर पर्सेप्शन इश्यू'.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर जो कागद ठेवला आहे त्यावर स्क्रीनशॉट मागायचं लिहिलं असेल. पण ज्या दोषाचा स्क्रीनशॉट निघूच शकत नाही त्याला स्क्रीनशॉट मागायचा, तो स्वच्छ आला म्हणून तक्रार खोटी ठरवायची आणि वर ग्राहकाच्या डोळ्यांत खोट काढायची, हा कागद व्यवस्थापनाने तयार केला आहे. गेमिंग मॉनिटर विकणाऱ्या कंपनीला 60 आणि 165 हर्ट्झमधला फरक डोळ्याला दिसत नाही असं वाटत असेल, तर जाहिरातीतही तसं छापा.

जाहिरातीचा विषय निघालाच आहे तर '1 मिलिसेकंद'बद्दलही सांगतो. तो आकडा एमपीआरटीचा (हलतं चित्र डोळ्याला किती धूसर दिसतं याचं माप) आहे. बॅकलाइट फडफडवून चित्र धारदार दाखवण्याच्या मोडमध्येच तो लागू होतो, आणि तुमच्या मॉनिटरमध्ये तो मोड अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकबरोबर चालत नाही. खोक्यावर दोन्ही गोष्टी एका ओळीत शेजारी-शेजारी छापल्या आहेत. वाचणाऱ्याला त्या एकत्र मिळतील असंच वाटतं.

'मग अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक बंद ठेवा' असं तिसऱ्या कॉलला सांगितलं होतं. तसं केलं तर 70 ते 100 फ्रेममध्ये चालणाऱ्या गेममध्ये चित्र आडवं फाटतं, आणि व्ही-सिंक (गेमच्या फ्रेम मॉनिटरच्या ठरावीक रिफ्रेशला बांधणारी सेटिंग) लावलं तर माउसचा प्रतिसाद उशिरा येतो. हे दोन्ही टाळायला अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकचा मॉनिटर घेतला आहे. सात महिने तो तसा चालला.

माझ्या मागण्या. एक, अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक चालू असताना ओव्हरड्राइव्हच्या तिन्ही पातळ्या निवडता येतील असं फर्मवेअर द्या. नवं लिहायला वेळ लागणार असेल तर आधीची आवृत्ती परत टाकायला परवानगी द्या. ती फाइल मी जपून ठेवली आहे, पण आताचं फर्मवेअर 'जुनी आवृत्ती' म्हणून ती नाकारतं. दोन, हे जमणार नसेल तर मॉनिटर परत न्या आणि पूर्ण किंमत द्या. याच मॉडेलचा दुसरा नग बदलून देऊ नका, त्यातही हेच फर्मवेअर असेल. तीन, तक्रारीच्या नोंदीतून 'यूजर पर्सेप्शन इश्यू' हे शब्द काढा आणि तिथे 'फर्मवेअरमुळे ओव्हरड्राइव्हची सेटिंग बंद' असं लिहा. ही तिसरी मागणी पैशांची नाही, म्हणून ती मागे ठेवली जाईल हे मला माहीत आहे. पण हेच मॉडेल घेतलेला दुसरा कुणी उद्या फोन करेल, तेव्हा तुमच्या सिस्टममध्ये खरं कारण दिसलं पाहिजे.

विकलेल्या वस्तूतली चालू सोय विक्रीनंतर काढून घेणं आणि त्यावर दाद न देणं, हे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली तक्रारीला पुरेसं आहे. बिल, तुमच्या साइटवरच्या जुन्या सूचनापत्रकाची प्रत, ज्यात तिन्ही पातळ्यांचं चित्र आहे, चारही कॉलच्या वेळा आणि दोन्ही फर्मवेअरवरचे व्हिडिओ असं सगळं एकत्र लावून ठेवलं आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे नोंद करेन आणि त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्यामुळे तुमचं मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात आहे याचा मला अडथळा नाही.

याच कंपनीचा आधीचा 24 इंची मॉनिटर माझ्याकडे आठ वर्षं चालला, आणि त्याच विश्वासावर हा घेतला होता. उत्तर देताना मेलला जोडलेला व्हिडिओ आधी बघा. नवव्या सेकंदाला खांबामागची पट्टी स्पष्ट दिसते.

आपला ग्राहक,
पुणे

सोबत: बिलाची प्रत, दोन व्हिडिओ, मेनूचे फोटो (अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक चालू आणि बंद असताना), तक्रार बंद केल्याचा मेसेज.