रविवारी पंखा बंद ठेवायचा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "नौपाड्यात कुणी विचारलं तर सांगू काय? गातेस, पेपरात लिहितेस, रेडिओवर बोलतेस की गोष्टी सांगतेस?" गाडी रबाळ्याला होती, आवाज तुटत होता. आता नेरूळच्या घरी निवांत बसलेय, म्हणून लिहिते.

मी लहान असताना पेटी पुसता पुसता तुम्ही एकच गाऱ्हाणं सांगायचात. १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी झाली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीचे सूर पट्ट्यांवर पक्के बसवलेले, त्यातून एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती सापडत नाहीत, हे कारण. "कारण खरं, पण शिक्षा फार," असं म्हणून तुम्ही भाता ओढायचात. माझा पहिला छापून आलेला लेख त्या वाक्यातूनच निघाला. तो वाचून रेडिओचं बोलावणं आलं, आणि पहिल्या कार्यक्रमाला मी तुमचीच जुनी पेटी घेऊन गेले. एका कामातून दुसरं असंच निघत गेलं, बाबा. ठरलेला पगार नाही हे तुम्हाला खुपतं, ठाऊक आहे मला. घराचे हप्ते मात्र वेळेवर जातात.

रेडिओवरची त्या रात्रीची चूक मी अजून विसरले नाही. मारवा राग म्हणून जाहीर केलं आणि लागला पूरिया. स्वर तेच, पण मारव्याचा जोर रिषभ-धैवतावर. पूरिया गंधार-निषादावर टेकतो आणि मंद्रात, खालच्या सप्तकात, रमतो. गाणं संपायच्या आत तुमचा फोन आला. रागावला नाहीत, नुसते ते दोन स्वर गाऊन दाखवलेत. मी लगेच माईकवर दुरुस्ती सांगितली. तेव्हापासून स्वतः पूर्ण ऐकल्याशिवाय ना निवेदन लिहिते, ना परीक्षण.

आणि आई, गोष्ट सांगणं तुझं. मेथी निवडताना तू सांगायचीस, आणि नेमकं विहिरीपाशी कुणीतरी उभं असताना उठून कुकर बघायला जायचीस. आम्ही दोघं भावंडं तशीच बसून राहायचो, हातात काड्या घेऊन. मला लोक विचारतात, कार्यक्रमात मध्येच इतकं गप्प राहायची भीती नाही वाटत? मला तुझ्या कुकरची शिट्टी आठवते. ती होईपर्यंत थांबते.

तुझ्या माहेरच्या त्या गोष्टी कुठेच लिहिलेल्या नाहीत. रविवारी रेकॉर्डर घेऊन येते. आतल्या खोलीत गोधड्यांच्या कपाटाशी बसू, तिथे आवाज घुमत नाही. बाबा, उकडलं तरी पंखा बंद ठेवावा लागेल, त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. पेटीची काळी दोनची पट्टी अडकतेय म्हणालात ना, तिला हात लावू नका, मी आल्यावर दोघं मिळून उघडू. दोन गोष्टींच्या मध्ये तुम्ही वाजवायचंय.

आई, मेथीची जुडी आणून ठेव. हात रिकामे असले की तुला गोष्ट सुचत नाही.

तुमची लेक