टाकेंगोनच्या इबूंना, नखाच्या एका खुणेबद्दल

आदरणीय इबू,

आपला भाचा हे पत्र आपल्याला समजावून सांगेलच. मी मात्र ते मराठीत आणि जाहीरपणे लिहीत आहे, कारण ज्या गिऱ्हाइकांना मी दोन वर्षे कुबट कॉफी पाजली, त्यांनीही ते वाचावे. (त्यांच्यासाठी: टाकेंगोन हे सुमात्रातील गायो डोंगरांतले शहर, आणि ‘इबू’ ही तिकडची ‘आई’ किंवा ‘बाई’ अशी आदराची हाक.)

पुण्यात सुमात्राची कॉफी भाजू लागलो, तेव्हा माल एका दलालाकडून घेत असे. पोत्यावर ‘मंडेलिंग’ छापलेले असे (उत्तर सुमात्रातील एका समाजाचे हे नाव, बाजाराने त्याचा शिक्का करून टाकला) आणि पेल्याला पावसाळाभर कपाटात राहिलेल्या गोधडीचा वास येई. तक्रार केली की ठरलेले उत्तर मिळे, ‘हाच तर सुमात्राचा मातकट स्वाद, तुमच्या जिभेला सवय नाही.’ मी ते मानले आणि वर तेच वाक्य माझ्या गिऱ्हाइकांना ऐकवले. त्याची लाज अजून गेलेली नाही.

खरा मातकट स्वाद कसा जन्मतो, हे नोव्हेंबरात आपल्या अंगणात कळले. गायो डोंगरांत तोडणीच्या दिवसांतही पाऊस पाठ सोडत नाही; टरफलासकट दाणा पुरता वाळावा इतके ऊन नसते आणि घरात रोख पैशाची निकड असते. म्हणून साल काढून, रात्रभर आंबवून धुतलेला दाणा जेमतेम सुकवून, आत 30 टक्क्यांच्या आसपास ओल असतानाच टरफलातून काढतात आणि मग उघडाच वाळवतात. चिकमगळूरकडे मात्र ओल 11-12 टक्क्यांवर उतरल्याशिवाय टरफल काढत नाहीत. आपल्या गायोतल्या ‘गिलिंग बासा’मुळेच, म्हणजे ओलाच दाणा टरफलातून काढण्याच्या या रीतीमुळेच, दाण्याला ती निळसर हिरवी झाक येते, कॉफी दाट लागते, आंबटपणा दबतो आणि देवदाराचा, ओल्या मातीचा गंध उमटतो. ओला दाणा यंत्रात चेपून टोकाशी फाटला की त्याला आपण ‘कुकू कांबिंग’, शेळीचे खूर, म्हणता, हे ऐकून मला हसू आवरले नव्हते. पण ओला माल पोत्यात तुंबून राहिला की बुरशी धरतो, आणि दलाल मला तीच विकत होता.

मी पैसे पुढे केले, तेव्हा आपण ताडपत्रीवरचा एक दाणा माझ्या तळहातावर ठेवलात आणि माझाच अंगठा धरून त्यावर नख दाबायला लावलेत. नख रुतले. ‘अजून दोन उन्हे,’ असे भाच्याकरवी सांगून आपण ते पैसे माझ्या खिशात परत कोंबलेत. उद्या माझे विमान आहे, पुण्यात वाळवीन, अशी गयावया मी केली, तरी आपण नुसती मान हलवलीत. इबू, आलेले गिऱ्हाईक त्याच्याच भल्यासाठी रिकाम्या हाताने परत पाठवणारी माणसे मी या धंद्यात फार थोडी पाहिली आहेत. मलबारहून 1696 मध्ये कॉफीची रोपे जावाला गेली होती, अशी बढाई मी त्याच संध्याकाळी मारली होती. आपण हसून पेला पुन्हा भरलात.

जानेवारीत पोते आले. फोडताच मी दाण्यावर नख दाबले. ते रुतले नाही.

त्याच पोत्यातली अर्धा किलो कॉफी भाजून सोबत पाठवत आहे. तीत साखर घालू नका, असे आपल्याला सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

आपला ऋणी,
पुण्यातील एक कॉफी भाजणारा