चिऊ, 911 घे, पण आत्ता नको

चिऊ,

परवा फोनवर तू विचारलंस, आई, ती पोर्शे 911 स्पोर्ट्स कार आता घेऊ का, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून मी फोन ठेवला. शिट्टी खरंच झाली होती पण उत्तरही तयार नव्हतं. दोन दिवस डोक्यात तेच चाललंय, म्हणून आता बसून सगळं टाईप करतेय, लांबेल, बाळ झोपलं की वाच.

आधी हे सांगते की "दोन लेकरांची आई झालीस, आता स्पोर्ट्स कार कसली" असं मी म्हणणार नाहीये. मावशी म्हणाली, म्हणू दे. तुझ्या वेळी दिवस गेले तेव्हा मी माझी लूना विकली, माझ्या पगारातून घेतलेली, घरचे म्हणाले आता कशाला म्हणून, आणि मग आपली मारुती 800 येईपर्यंत अकरा वर्षं माझ्या हातात गाडी नव्हती. अकरा वर्षं कुठेही जायचं तर कोणीतरी नेण्याची वाट बघायची. ते तुझ्या वाट्याला येऊ नये असं मला फार मनापासून वाटतं. आणि तू आठवीत असताना कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला 911 चा फोटो अजून तिथेच आहे, घराला रंग दिला तेव्हाही मी काढू दिला नाही.

पण मी तुझ्याकडे जर्मनीत नव्वद दिवस राहून आलेय ना गं, तुझं बाळंतपण केलंय, तुझं बेसमेंटमधलं पार्किंग, बाळाची गाडीत लावायची ती जड सीट, सिझरनंतर वाकताना तुझा वाकडा होणारा चेहरा हे सगळं बघितलंय. म्हणून मी सीटपासूनच सुरू करते, कारण खरा प्रश्न तिथेच आहे.

आपण एस6 लोकलने पोर्शेच्या म्युझियमला गेलो होतो तेव्हा तू मोठीला कडेवर घेऊन सांगत होतीस, की 1963 मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दाखवली तेव्हाही तिला मागे दोन छोट्या सीटा होत्या. तेव्हा मला कौतुक वाटलं, पण घरी येऊन विचार केला की इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, सामान ठेवायची जागा पुढे, आणि मधे जे उरलं त्यात त्या दोन सीटा. मोठ्या माणसाच्या त्या नाहीतच. पोर्शे घराण्यातल्या खुद्द फेरी पोर्शेंना 1984 मध्ये 75 व्या वाढदिवसाला कंपनीने त्यांच्याच 928 या दुसऱ्या गाडीची लांबी वाढवून दिली होती, मागे नीट बसता यावं म्हणून. घरच्या म्हाताऱ्या माणसाची अडचण त्यांनाही कळत होतीच. आणि आपली 800 बघ, लांबी सव्वातीन मीटरच्या थोडी वर, 796 सीसीचं इंजिन, तरी चार दारं, आणि कुंभार्ली घाटातून आपण सहा जण फणसासकट चिपळूणला जायचो. 911 साडेचार मीटर लांब आहे आणि दारं दोन.

ती दोन दारंच मला सगळ्यात जास्त खटकतात. बाळ आत्ता चार महिन्यांचं आहे. युरोपातल्या मुलांच्या सीटांच्या आय-साइझ नावाच्या नियमाने पंधरा महिने तरी मूल मागे तोंड करून बसवायचं, आणि माझं ऐकशील तर त्याच्या पुढेही जितकं जमेल तितकं तसंच बसव, मान कोवळी असते. आपण शोरूममध्ये ती उलटी सीट मागे लावून बघितली तेव्हा पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागली की माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले, आठवतंय ना. मग बाळ पुढच्या सीटवर ठेवायचं तर तिथली एअरबॅग बंद केल्याशिवाय नाही म्हणजे नाहीच, आणि मी रात्री झोपेत असले तरी मला हीच काळजी लागणार की कधी घाईत बंद करायची राहिली तर. पुन्हा तुमच्या पार्किंगमध्ये डाव्या बाजूला तो काँक्रीटचा खांब. दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं, ते अर्धंच उघडणार, त्या फटीतून झोपलेलं बाळ मागे सरकवायचं, पाठीत कळ येत असताना, बाहेर पाऊस आणि मोठी "मम्मा शू" म्हणतेय. हे रोज दोनदा. सहा महिन्यांत तुला त्या गाडीचाच राग यायला लागेल आणि मला ते नको आहे, एवढी वर्षं जपलेली गोष्ट अशी खराब व्हायला नको.

जावईबापूंचं म्हणणं की त्यापेक्षा कायेन घे, पोर्शेचीच ती उंच, चार दारांची एसयूव्ही. चांगली गाडी आहे, 2002 मध्ये आली तेव्हा पोर्शेवाल्या लोकांनी नाकं मुरडली आणि मग तीच धडाधड खपली. पण तुझ्या कपाटावर कायेनचा फोटो नव्हता. बाबागाडी, किराणा, आजी आजोबा हे सगळं वाहायला तुमची आत्ताची गाडी आहे की. ती विकू नका. ती आहे तोवर नवी गाडी घरातलं सगळं काम करेल अशी अपेक्षाच ठेवायची नाही. नवीन 911 लाख युरोच्या वर जाते, तेवढे पैसे घालून मनात नसलेली गाडी दारात उभी करण्यात मला अर्थ वाटत नाही.

आता हिशोब मांडते, कारण सगळे तुला सांगतायत मुलं मोठी झाली की घे, आणि मला वाटतं ते बरोबर उलटं आहे. मुलं मोठी झाल्यावर त्या मागच्या सीटवर मावणारच नाहीत! तेव्हा ती तुमची दोघांचीच गाडी होईल. आजपासून अडीच वर्षांनी धाकटा तीनचा होईल, पुढे तोंड करून बसेल, मोठी साडेसहाची, स्वतः चढून स्वतः बेल्ट लावेल. तिथून मोठीचे पाय पुढच्या सीटला टेकायला लागेपर्यंत, म्हणजे ती दहा-अकराची होईपर्यंत, चौघं मिळून त्या गाडीत बसू शकाल. जर्मनीत बारा वर्षं किंवा दीड मीटर उंची होईपर्यंत मुलांना सीट लागतेच, तीही त्यात बसवून आधी बघून घे, बूस्टर, म्हणजे मोठ्या मुलांची ती उंचवट्याची सीट, रुंद असला की दोन शेजारी शेजारी मावत नाहीत. म्हणजे चार वर्षं मिळतात. चारच. ती मात्र चुकवू नकोस, घराचा हप्ता, किचनचं काम, कशासाठीही पुढे ढकलू नकोस.

आणि ती रोजची गाडी करू नकोस. तूच सांगितलं होतंस की तिकडे सीझनची नंबरप्लेट मिळते, मार्च ते ऑक्टोबर अशी, टॅक्स आणि इन्शुरन्स तेवढ्याच महिन्यांचा. हिवाळ्यात मग गाडी रस्त्यावर उभीही करता येत नाही, म्हणजे खाली जास्तीची एक जागा भाड्याने लागेल, आणि ती खांबाजवळची नको. रविवारी सकाळी चौघं निघा, बाडेन-बाडेनहून डोंगरावरच्या रस्त्याने फ्रॉयडेनश्टाटपर्यंत, आपण गेलो होतो तसे. पण मोठीला त्या वळणांवर उलटी झाली होती हे विसरू नकोस, आणि 911 मध्ये मागे बसलेल्या लेकराला समोर फक्त सीटची पाठ दिसते, खिडकी छोटी, मग जास्तच मळमळतं. तू पण अशीच होतीस, कुंभार्ली उतरेपर्यंत दोनदा गाडी थांबवायची, आल्याची वडी तोंडात धरून बसायचीस. हळू चालव, मधे थांबा. ऑटोबानवर, तुमच्या त्या हायवेवर, कितीही मोकळं असलं तरी मुलं मागे असताना ताशी 130 किलोमीटरच्या वर नाही. हे माझं सांगणं नाही, ही अट आहे, आणि तुझ्या बाबांचीही आहे.

राहिली मी. माझ्या गुडघ्यांनी मी त्या गाडीत मागे कधीच बसू शकणार नाही, आणि मुलं पुढे बसणार नाहीत, म्हणजे चौघं असताना मला त्यात जागा नाही. हे लिहिताना थोडं भरून आलं खरं. पण मी एअरपोर्टवरून एस-बानने, म्हणजे लोकलने येईन, बॅगा ओढत, मला येतं आता ते सगळं. फक्त एक दिवस मुलं त्यांच्या बाबाजवळ ठेव आणि मला पुढे बसवून ने, तू चालवताना मला बघायचंय.

तोवर एक काम कर. उद्या खाली गेलीस की टेप घेऊन जा, तुमची आत्ताची गाडी आणि तो खांब यांच्यात किती सेंटीमीटर अंतर आहे ते मोज आणि मला पाठव. बाबा म्हणतायत 911 च्या दाराचं माप ते काढून ठेवतात.

आई