डॉक्टर मॅडम, माझा हात धरलात म्हणून

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

रामदासपेठेतल्या तुमच्या दवाखान्यात इतकी गर्दी असते, की आभार मानत उभं राहिलं तर मागचा पेशंट खोळंबतो. म्हणून हे जाहीर पत्र.

मी नागपूरच्या महाल भागात राहते, लग्नाघरी मेंदी काढते. नखांच्या कडेनं चामखिळी उठल्या आणि काम बसलं. नवरीची आई माझी बोटं बघायची, की बोलणं तिथंच संपायचं. त्यांना दोष नाही, हा रोग स्पर्शानं पसरतो. राग आहे तो आधीच्या डॉक्टरांचा. एकांनी जाळल्या, दुसऱ्यांनी उणे 196 अंशांच्या नायट्रोजननं गोठवल्या. परत उगवल्या, तर म्हणाले, "बाई, जरा स्वच्छता पाळा." टेबलाच्या पलीकडून, हाताला हात न लावता.

हा एचपीव्ही विषाणू आहे, घाणीशी संबंध नाही, हे तुम्ही सांगितलंत. तो कातडीत असा दडतो, की शरीराच्या पहारेकऱ्यांना पत्ताच लागत नाही. म्हणून लेकरांना गोवर, गालगुंड, रुबेलाची जी लस देतात, ती सगळ्यात मोठ्या चामखिळीत टोचायची; पहारेकरी जागे झाले, की बाकीच्याही त्यांच्या नजरेत येतात. गुण सगळ्यांनाच येत नाही, हेही आधीच सांगितलंत. दिवस गेलेले नाहीत ना, याची खात्री करून घेतलीत.

सुई नखाशी शिरली तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. सिस्टर बाजूलाच होत्या, बाहेर रांग होती, तरी कापूस तुम्हीच दाबून धरलात. माझी बोटं तुमच्या तळव्यावर, वर तुमचा अंगठा, आणि तुम्ही विचारताय, मेंदीचा कोन घरीच भरता का? हातमोजा होता, पण ऊब त्यातूनही पोचली. मॅडम, माझी हयात दुसऱ्यांचे हात धरण्यात गेली. कोण उरकायला धरतं आणि कोण आपलं समजून, ते मला पकडीवरून कळतं. माझी आई गेल्यापासून असा हात कुणी धरला नव्हता. घरी येऊन रडले, ती सुईच्या दुखण्यानं नाही.

लस एकीतच टोचत होतात, गळाल्या सगळ्या. दुसऱ्या हाताच्यासुद्धा! औषधाचा गुण आहेच. पण सीताबर्डीच्या गर्दीत म्हातारीला हात धरून रस्ता ओलांडून देणारा ऑटोवाला आणि तुम्ही मला एकाच जातीचे वाटता. अशी माणसं आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

तुळशीचं लग्न झालं, की माझा सीझन सुरू होईल. तुमच्या घरी कार्य निघालं तर मला निरोप पाठवा, आणि पैशाचं नाव काढू नका.

तुमची,
महालातली मेंदीवाली