पहिला चढ कनकेश्वरचा

अलिबाग,
भाद्रपद

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गुडघा सावरला आणि डॉक्टरांनी बेताबेताने चढउतार करायला सांगितलं, हे ऐकून जिवात जीव आला. आता एकच हट्ट आहे. पहिला चढ कनकेश्वरचा कर, आणि पाऊस पुरता सरायच्या आत कर. डोंगरमाथ्यावर महादेवाच्या देवळापाशी आहे ती पुष्करणी सध्या तुडुंब आहे.

पायऱ्या मापगावातून सुरू होतात. वाट लांबीला थोडी, पण अंगावर येणारी. सातशेच्या आसपास पायऱ्या, आणि सगळा चढ हजार फुटांहून जास्त. राघोजी आंग्र्यांच्या दिवाणांनी १७६४ मध्ये त्या बांधून घेतल्या. चढणाऱ्याचा दम बांधणाऱ्याने नीट ओळखला होता, असं मला दर वेळी वाटतं. पोटऱ्या भरून येतात तोच नागोबाचा टप्पा येतो. पुढे देवाची पायरी. देवाने स्वतः पाऊल ठेवलं अशी श्रद्धा, म्हणून तिच्यावर ताजी फुलं असतात. त्याच्याही वर पालेश्वर. त्याला झाडाचा पाला वाहायचा. फूल-नारळ आणायची ऐपत नसलेल्यालाही रिकाम्या हाताने जावं लागू नये, ही सोय मला फार मोठी वाटते. तुला तर प्रत्येक टप्प्यावर बसायला देवाचंच निमित्त आहे, तेव्हा घाई करू नकोस.

मध्येच झाडी फाकते आणि खाली समुद्र दिसतो. थळच्या समोर खांदेरी-उंदेरी ही दोन बेटं. १६७९ मध्ये ऐन पावसाळ्यात महाराजांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली, इंग्रजांची गलबतं आडवी आली तरी काम थांबलं नाही, मग सिद्दीने शेजारची उंदेरी धरली. शाळेत आपण हे पाठ केलं होतं. मुंबईच्या तोंडाशी त्या बेटाचं मोल काय, ते मात्र इथे उभं राहिल्यावर एका नजरेत कळतं. २०२५ मध्ये खांदेरी जागतिक वारशात गेली तेव्हा मला काय आनंद झाला, कसं सांगू!

आणि मग पुष्करणी. घामाने डबडबलेला माणूस शेवटच्या वळणावरून वर येतो आणि समोर एवढं पाणी! डोंगराच्या माथ्यावर, दगडी बांधणीत, काठोकाठ. पाण्याखालच्या पायऱ्या आधी स्पष्ट, मग हिरवट, मग नुसता अंदाज. काठाच्या दगडावर शेवाळाची बारीक मखमल असते. एखादं पिकलं पान पडलं की त्याची वर्तुळं थेट समोरच्या काठाला जाऊन लागतात. आधी तिथे बस, घाम जिरू दे, मग महादेवाला जा. देव थांबतो.

बांबूची काठी घे. चढताना दम लागतो, पण गुडघ्याचा खरा कस उतरताना लागतो आणि ओल्या दगडावरून पाय सटकतो. श्रावण गेला, सोमवारची रांगही गेली, तरी सकाळी सातला पायथ्याशी असलेलं बरं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडी घेऊन आलास तर मांडव्याहून मापगाव जवळच आहे. पण आदल्या रात्री आमच्याकडेच उतर. आईने आंबोळ्या करायचं कबूल केलंय. वहिनींना आणि मुलांनाही आण, वर प्यायचं पाणी मी घेतो.

तारीख तेवढी लवकर कळव.

तुझाच,
अलिबागकर मित्र