ब्रोमाईडचा उतारा सांगितलात, मागे उरतं त्याचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञानाच्या पानावर ब्युटेनॉल या अल्कोहोलपासून ब्युटाइल ब्रोमाईड करायची रीत आणि तिचा उतारा, म्हणजे किती माल हाती येतो ते, छापून आलं, माहिती बरोबर आहे पण अर्धीच आहे म्हणून लिहितोय. सोडियम ब्रोमाईड, सल्फ्युरिक ॲसिड आणि ब्युटेनॉल एकत्र उकळायचं ही झाली कॉलेजच्या प्रॅक्टिकलची रीत. हीच प्लांटमध्ये केली तर १३७ किलो मालामागे नुसत्या कागदावरच्या हिशोबानेच १२० किलो सोडियम बायसल्फेट हे मीठ मागे पडतं, आणि ॲसिड जास्तीचं घालावं लागतं ते वेगळंच. त्यात तापमान चढलं की ब्युटीन आणि डायब्युटाइल ईथर हे नको असलेले पदार्थ तयार होतात, ॲसिड तीव्र असेल तर ब्रोमाईडचं थेट ब्रोमीन होऊन सगळं मिश्रण लालसर होतं.

म्हणून जमेल तिथे हायड्रोजन ब्रोमाईड गॅस किंवा त्याचं ४८ टक्क्यांचं ॲसिड थेट वापरलेलं बरं, मग ते मीठ उरतच नाही, फक्त पाणी सुटतं. तेच पाणी ॲसिड पातळ करून रिॲक्शन मंदावतं हे खरं, पण उरलेलं पातळ ॲसिड तापवलं की आधी पाणी जातं आणि १२५ अंशांच्या आसपास पुन्हा ४८ टक्क्यांचंच ॲसिड हाती येतं, ते पुढच्या बॅचला चालतं. लेखात नेमका हाच भाग नाही, याचं मला फार वाईट वाटलं!

फॉस्फरस ट्रायब्रोमाईडची रीत महाग, पण रेणूतली कार्बनची साखळी इकडची तिकडे होऊ द्यायची नसेल तिथे ती हवीच. मिथेनॉल, ब्रोमीन आणि गंधक घेतलं तर जवळपास सगळं ब्रोमीन मालात उतरतं, हिशोब सुंदर आहे, पण तो माल म्हणजे मिथाइल ब्रोमाईड, ओझोनचा थर खाणारा, मॉन्ट्रियल करारात विकसनशील देशांनीही २०१५ पर्यंत काही सवलती सोडून बंद करायचा ठरलेला.

अजून एक, तयार माल धुताना पाण्याबरोबर ब्युटाइल ब्रोमाईडचा थर खाली बसतो पण तीव्र सल्फ्युरिक ॲसिडने धुताना तोच वर येतो, कारण ॲसिड जास्त जड. हे छापलं नाही तर मुलं नेमका मालाचाच थर ओतून देतात.

पुढच्या भागात प्रत्येक रीतीसमोर उताऱ्याबरोबर मागे काय आणि किती उरतं तेही द्यावं, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक