मागावर हप्ता वेळेवर मिळायचा, पोरीची फेलोशिप का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी चाळीस वर्षं सोलापुरात पॉवरलूमवर चादरी विणल्या. माझी पोरगी पुण्यात एका संस्थेत न्यूरोसायन्समध्ये, म्हणजे मेंदूच्या शास्त्रात, पीएचडी करते, चौथं वर्ष चालू आहे. अशोक चौकात कुणी भेटलं की पहिला प्रश्न, दवाखाना कुठं टाकणार? आता त्यांना काय सांगू की ही उंदराच्या मेंदूतली एकेक पेशी पकडते!

एकदा तिची लॅब बघून आलो. काचेची नळी तापवून ओढतात, टोक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं. ते पेशीला टेकवायचं आणि नळीच्या मागच्या ट्यूबला तोंड लावून अगदी हलकं ओढायचं, मग पेशी चिकटते आणि तिच्यातला करंट स्क्रीनवर दिसतो. पॅच क्लॅम्प म्हणतात, ही पद्धत काढणाऱ्या दोघांना १९९१ चं नोबेल मिळालंय. मला हसूच आलं, आम्ही पण धोट्याच्या (मागावर आडवा धागा नेतो तो) भोकातून धागा तोंडानेच ओढायचो की! फक्त आमचं टेबल तिच्यासारखं हवेवर तरंगत नव्हतं, तिथं हादरा बसू नये म्हणून तसं ठेवतात, नाहीतर बाहेरून ट्रक गेला तरी पेशी सुटते म्हणे. उंदराच्या मेंदूचा काप तेवढे पाच-सहा तास जिवंत राहतो, त्यामुळे पोरगी जेवायला पण उठत नाही. माणसाच्या मेंदूत जवळपास ८६०० कोटी चेतापेशी असतात आणि पोरीच्या हातात महिनाभरात धड रेकॉर्डिंग दहा-बारा, म्हणून हे काम पाच-सहा वर्षं चालतं, टंगळमंगळ करते म्हणून नाही.

आता मुद्दा. १ जानेवारी २०२३ पासून फेलोशिप, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांना महिन्याला मिळणारे पैसे, वाढली, पहिली दोन वर्षं ३१ हजाराची ३७ आणि पुढं ३५ ची ४२ हजार. चांगली गोष्ट आहे, पेपरात वाचून मीच पेढे वाटले होते. पण कागदावरचे ४२ हजार खात्यात कधी येणार? यंदा चार महिने एक रुपया नाही. विचारलं तर संस्था म्हणते वरून आलं नाही, वरचे म्हणतात संस्थेचा कागद आला नाही, आणि या दोघांच्या मध्ये पोरगी घरमालकाला तोंड चुकवत फिरते. दुसरी नोकरी करायची तर नियमात बसत नाही. आमच्या कारखान्याचा मालक काय फार दिलदार नव्हता हो, पण आठवड्याच्या मजुरीचा हप्ता कधी चुकला नाही, चुकला असता तर माग बंद पडले असते.

सगळ्यांची फेलोशिप महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यात पडावी, कागद अडकला तर आधी पैसे द्या आणि मग कागद शोधा, एवढीच मागणी आहे.

परवा परत भाड्याचे पैसे पाठवले. "पप्पा, वहीत लिहून ठेवा, फेडते," म्हणाली. लिहिलंय, आतापर्यंत ६२ हजार.

आपला,
एक जुना विणकर, सोलापूर